अणूचा आकार आवर्तसारणीत कसा बदलतो, आणि तक्ते एकमेकांशी का जुळत नाहीत

प्रश्न नागपूरच्या, अकरावी सायन्सच्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: आवर्तात (आडव्या ओळीत) डावीकडून उजवीकडे जाताना इलेक्ट्रॉन वाढत जातात, मग अणू लहान कसा होतो? गणात (उभ्या स्तंभात) खाली जाताना अणू मोठा होतो म्हणतात, तर गॅलियम ॲल्युमिनियमपेक्षा लहान का? आणि फ्लोरिनची त्रिज्या एका पुस्तकात ६४ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मीटरचा लाख-कोटीवा भाग), दुसऱ्यात ७२, तर आरगॉनची एकदम १८८ कशी? परीक्षेत कुठला आकडा धरायचा?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. तो सुटला नाही तर बाकीच्या दोन्हींमध्ये गोंधळ होतो.

अणूला कडा नसते. इलेक्ट्रॉनचा ढग बाहेरच्या बाजूला विरळ होत जातो, पण कुठेही एकदम संपत नाही. त्यामुळे एकट्या अणूची त्रिज्या मोजता येत नाही. मोजता येतं ते दोन शेजारी अणूंच्या केंद्रकांमधलं अंतर. त्याचं निम्मं म्हणजे त्रिज्या, एवढाच करार आहे. शेजारी कसा आहे यावर ते अंतर ठरतं. हिंगणघाटच्या जिनिंगमधला सैल कापूस आणि प्रेसिंगनंतरची गाठ यांत कापूस तेवढाच असतो, जागा मात्र वेगवेगळी लागते, अणूचंही तसंच.

म्हणून त्रिज्या एकच नसते, निदान तीन असतात. दोन अणू सहसंयुज बंधाने जोडलेले असतील तर सहसंयुज त्रिज्या, धातूच्या स्फटिकात शेजारी असतील तर धात्विक त्रिज्या, आणि बंध नसताना नुसते टेकलेले असतील तर व्हॅन डर वाल्स त्रिज्या. क्लोरिनच्या रेणूत दोन केंद्रकांमधलं अंतर १९९ पिकोमीटर आहे, म्हणून सहसंयुज त्रिज्या ९९. त्याच क्लोरिनची व्हॅन डर वाल्स त्रिज्या १७५. अणू तोच, आकडा पावणेदोन पटीहून जास्त. आरगॉन सहसा बंध करतच नाही, त्यामुळे त्याची मिळते ती व्हॅन डर वाल्स त्रिज्या, १८८. ती क्लोरिनच्या ९९ शेजारी लिहिली की आवर्ताच्या शेवटी अणू अचानक फुगल्यासारखा वाटतो. तशी उडी प्रत्यक्षात नाही. १७५ शेजारी १८८ ठेवून पाहा, फरक किती उरतो ते दिसेल. वायूरूप एकट्या अणूचं गणित मांडलं तर आरगॉन क्लोरिनपेक्षा लहानच येतो.

धात्विक त्रिज्या कशी काढतात हे एकदा स्वतः करून बघावं, कॅल्क्युलेटर पुरतो. तांब्याची घनता ८.९६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, अणुवस्तुमान ६३.५५, आणि त्याच्या फलककेंद्रित घनाकार एकक कोष्ठिकेत (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान ठोकळ्यात) ४ अणू. ४ × ६३.५५ ला ८.९६ ने आणि ॲव्होगॅड्रो संख्येने भागलं की कोष्ठिकेचं घनफळ ४.७१ × १०⁻²³ घन सेंटिमीटर येतं. त्याचं घनमूळ ३६१ पिकोमीटर, ही कोष्ठिकेची बाजू. या रचनेत अणू फलकाच्या कर्णावर एकमेकांना टेकतात. कर्णावर चार त्रिज्या मावतात, म्हणून त्रिज्या = बाजू × १.४१४ ÷ ४, म्हणजे सुमारे १२८. पुस्तकातला आकडा हाच आहे. विद्यार्थी इथे नेहमीची चूक करतात ती अशी की बाजूच्या निम्मे घेतात आणि १८० लिहून मोकळे होतात. ते साध्या घनाकार रचनेला चालतं, तांब्याला नाही.

आता फ्लोरिन. फ्लोरिनच्या रेणूत बंधलांबी सुमारे १४२, निम्मी ७१, म्हणून ७१-७२. पण या रेणूत दोन्ही अणूंवरच्या एकाकी इलेक्ट्रॉन जोड्या एकमेकींना ढकलतात आणि बंध ताणलेला असतो. फ्लोरिन दुसऱ्या मूलद्रव्याशी करतो ते बंध बरेच आखूड असतात. तीही संयुगं हिशेबात घेणाऱ्या तक्त्यात ६४ च्या आसपासचा आकडा येतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न वेगळे विचारलेत. नायट्रोजनचा सापळा याहून मोठा आहे. नायट्रोजनच्या रेणूत अंतर ११० पिकोमीटर आहे, म्हणून कुणी त्रिज्या ५५ लिहितं. पण तो तिहेरी बंध आहे. तक्त्यातली ७४ ही एकेरी बंधाची आहे, हायड्राझिनसारख्या संयुगात दिसणारी. कार्बनचंही तेच: हिऱ्यात अंतर १५४, म्हणून ७७, ग्रॅफाइटच्या थरात १४२, म्हणून ७१. एकेरी बंधाची एकेरीशीच तुलना करायची.

परीक्षेपुरतं उत्तर: आकडा पाठ करू नका, क्रम पाठ करा, आणि एका प्रश्नात सगळे आकडे एकाच तक्त्यातून घ्या. दोन तक्ते मिसळले की अपवाद नसलेल्या ठिकाणी अपवाद दिसू लागतात.

यावरून पहिल्या प्रश्नाकडे. इलेक्ट्रॉन वाढतात हे खरं, पण प्रत्येक इलेक्ट्रॉनसोबत केंद्रकात एक प्रोटॉनही वाढतो. आकार ठरतो तो बाहेरच्या इलेक्ट्रॉनला केंद्रकाची ओढ किती जाणवते यावर. या ओढीला परिणामी केंद्रकीय प्रभार म्हणतात, क्लासमध्ये इफेक्टिव्ह न्यूक्लियर चार्ज. १९३० मध्ये स्लेटरने तो मोजायचा सोपा हिशेब दिला. बाहेरच्या एस किंवा पी इलेक्ट्रॉनसाठी त्याच कवचातला प्रत्येक सोबती ०.३५ प्रभार झाकतो, लगेच आतल्या कवचातला प्रत्येक ०.८५, त्याहून आतला पूर्ण १.००. एकूण प्रोटॉनांतून ही बेरीज वजा करायची.

सोडियम: ११ − (८ × ०.८५ + २ × १.००) = २.२०. क्लोरिन: १७ − (६ × ०.३५ + ८ × ०.८५ + २ × १.००) = ६.१०. बाहेरचं कवच दोघांचं तेच, तिसरं. पण क्लोरिनच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनवर ओढ जवळजवळ तिप्पट. मर्म ०.३५ या आकड्यात आहे. एक पाऊल उजवीकडे गेलं की प्रोटॉन प्रभार पूर्ण १ ने वाढवतो आणि नवा इलेक्ट्रॉन फक्त ०.३५ झाकतो. निव्वळ वाढ ०.६५. एकाच कवचातले इलेक्ट्रॉन केंद्रकापासून साधारण सारख्याच अंतरावर असतात, एकमेकांच्या आड पुरते येत नाहीत. म्हणून कवच आत ओढलं जातं.

दुसऱ्या आवर्तात लिथियम १५२, बेरिलियम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६, फ्लोरिन ६४. घसरण एकसारखी नाही. पहिल्या पावलाला ४१ पिकोमीटर, शेवटच्याला २. कारण त्याच ०.६५ मध्ये आहे. लिथियमचा परिणामी प्रभार १.३०, त्यात ०.६५ ची भर म्हणजे ५० टक्के वाढ. ऑक्सिजनचा ४.५५, तिथे तीच भर जेमतेम १४ टक्के. शिवाय लिथियम आणि बेरिलियमचे आकडे धात्विक आहेत, बोरॉनपासून पुढचे सहसंयुज. म्हणजे सुरुवातीच्या उताराचा काही भाग मोजपट्टी बदलल्याचा आहे. हे पुस्तकात सहसा लिहिलेलं नसतं, पण ‘घट एवढी तीव्र का’ असं तोंडी परीक्षेत विचारलं तर दोन्ही कारणं सांगावीत.

गणात खाली जाताना नवं कवच सुरू होतं, बाहेरचा इलेक्ट्रॉन दूर जातो, आणि आतली कवचं वाढलेला प्रभार बहुतेक झाकून टाकतात. पोटॅशियमचा परिणामी प्रभार काढला तर तोही २.२०, सोडियमएवढाच. ओढ तीच आणि कवच मोठं, म्हणून अणू मोठा. अल्कली धातूंचे आकडे: लिथियम १५२, सोडियम १८६, पोटॅशियम २३१, रुबिडियम २४४, सीझियम २६२. नव्या तक्त्यांत शेवटचे तीन २२७, २४८, २६५ असेही दिसतील. कुठलेही घ्या, सोडियम ते पोटॅशियम उडी मोठी आणि पोटॅशियम ते रुबिडियम बरीच लहान हे दोन्हींत दिसतं. पोटॅशियम आणि रुबिडियमच्या मध्ये डी-खंडाची (ज्यांत नवे इलेक्ट्रॉन आतल्या डी कक्षिकांत जातात ती) दहा मूलद्रव्यं येऊन जातात, त्याचा हा परिणाम. पुढचं सगळं याच दहांभोवती फिरतं.

गॅलियमवर येऊ. ॲल्युमिनियम आणि गॅलियम यांच्यामध्ये आवर्तसारणीत १८ घरांचं अंतर आहे, त्यातली दहा स्कँडियम ते झिंक. तिथे दहा प्रोटॉन वाढतात आणि दहा इलेक्ट्रॉन ३डी मध्ये जातात. डी कक्षिका केंद्रकाजवळ फारशी घुसत नाही, त्यामुळे तिची शिल्डिंग, म्हणजे केंद्रकाचा प्रभार झाकणं, अपुरी पडते. हिशेब करून बघा: ॲल्युमिनियमचा परिणामी प्रभार ३.५०, गॅलियमचा ३१ − (२ × ०.३५ + १८ × ०.८५ + १० × १.००) = ५.००. एकाच गणात एक पायरी खाली उतरल्यावर सोडियम-पोटॅशियममध्ये फरक शून्य होता, इथे दीड आहे. नवं कवच अणूला मोठं करू पाहतं, वाढलेली ओढ त्याला आत खेचते, आणि दोन्ही जवळपास बरोबरीत सुटतात.

किती बरोबरीत, ते पुन्हा मोजपट्टीवर अवलंबून आहे. धात्विक त्रिज्या ॲल्युमिनियम १४३, गॅलियम १३५. सहसंयुज त्रिज्यांच्या एका प्रचलित तक्त्यात १२१ आणि १२२, म्हणजे समानच. त्यातून गॅलियम धातूची रचना विचित्र आहे: प्रत्येक अणूला एकच शेजारी अगदी जवळ, सुमारे २४४ पिकोमीटरवर, बाकीचे सहा दूर. त्यामुळे १३५ हीसुद्धा सरासरीच आहे. ‘गॅलियम किंचित लहान किंवा जवळपास समान, कारण ३डी इलेक्ट्रॉनांची अपुरी शिल्डिंग’ हे उत्तर लिहिलं तर कुठलाही तपासनीस गुण कापणार नाही.

आकारातल्या या जवळिकीचा उपयोग कारखान्यात होतो. सहा शेजाऱ्यांच्या जागेत ॲल्युमिनियमचा तीन धनप्रभारी आयन ५३.५ पिकोमीटर, गॅलियमचा ६२. प्रभार तोच, आकार जवळचा, म्हणून बॉक्साइटमध्ये ॲल्युमिनियमच्या जागी गॅलियम थोड्या प्रमाणात शिरतो. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना बायर प्रक्रियेच्या कॉस्टिक द्रावात तो साठत जातो आणि तिथूनच जगातला बहुतेक गॅलियम मिळवतात. नागपुरात वाडीला ॲल्युमिनियमवर संशोधन करणारी जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संस्था आहे. तिथे कॉलेजची भेट असेल तर बॉक्साइटमधल्या गॅलियमबद्दल जरूर विचारा. प्रयोगशाळेत गॅलियम ठेवायचा झाला तर एक लक्षात असू द्या: तो २९.८ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात कपाटात द्रवच असेल, आणि गोठताना प्रसरण पावतो. काचेची बाटली तडकते, प्लास्टिकची घ्या.

डी-खंडाच्या आत मात्र आकार फारसा हलत नाही. बाहेर ४एस, नवे इलेक्ट्रॉन आत ३डी मध्ये, प्रत्येक ०.८५ झाकणारा. निव्वळ वाढ प्रत्येक पावलाला ०.१५. म्हणून स्कँडियमपासून क्रोमियमपर्यंत घट, मग लोह १२६, कोबाल्ट १२५, निकेल १२५ असं जवळपास सपाट, आणि तांबं १२८, झिंक १३७ अशी शेवटी चढण. झिंकमध्ये ३डी पूर्ण भरून आत ओढली गेलेली असते, धात्विक बंधात तिचा वाटा नगण्य, बंध सैल, म्हणून अंतर जास्त. मँगनीजचा आकडा एका तक्त्यात १२७ तर दुसऱ्यात १३७ दिसतो, त्याचं कारण त्याचा स्फटिक आहे: एका एकक कोष्ठिकेत ५८ अणू आणि शेजाऱ्यांमधली अंतरं अनेक प्रकारची. एकच त्रिज्या सांगणंच तिथे अवघड.

मँगनीजचं नाव निघालंच आहे तर मनसर, कांद्री, गुमगाव या आपल्या जिल्ह्यातल्या खाणींचं धातुक आकार समजायला चांगलं आहे. मँगनीजचा दोन धनप्रभारी आयन ८३ पिकोमीटर, तीनचा सुमारे ६५, चारचा ५३. एकच मूलद्रव्य, पण इलेक्ट्रॉन काढत गेलं की उरलेल्यांवर प्रत्येकी ओढ वाढते आणि आयन आकसतो. दोन प्रभाराचा मोठा आयन गार्नेटसारख्या सिलिकेट खनिजात बसतो, चारचा लहान आयन पायरोल्युसाइट या काळ्या ऑक्साइडमध्ये. प्रभारासोबत आकारही बदलतो, म्हणून खनिजही बदलतं.

एफ-खंडात हीच गोष्ट आणखी ठळक होते. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत १४ प्रोटॉन वाढतात, इलेक्ट्रॉन ४एफ मध्ये जातात, आणि ४एफ ची शिल्डिंग डी पेक्षाही कमी. तीन धनप्रभारी आयन १०३ वरून ८६ वर येतो. हे लँथॅनाइड आकुंचन. इथे स्लेटरचा हिशेब चालवू नका. तो ४एफ ला आतलं कवच समजून पूर्ण १.०० धरतो आणि आकुंचन गायबच होतं. नियम सोपा आहे म्हणून सगळीकडे लागू होतो असं नाही. धातूंच्या तक्त्यात युरोपियम आणि यिटर्बियम उंच सुळक्यांसारखे दिसतील, शेजारी १७५-१८० असताना हे दोघं २०० आणि १९४ च्या आसपास. बाकीचे धातूत तीन इलेक्ट्रॉन बंधासाठी देतात, हे दोघं दोनच. ४एफ अर्धी आणि पूर्ण भरलेली राखतात.

या आकुंचनामुळे डी-खंडाची तिसरी ओळ दुसरीच्या मापाची राहते. झिर्कोनियम १६०, हाफ्नियम १५९. मध्ये ३१ मूलद्रव्यं, त्रिज्येत फरक १. आकार तोच आणि अणू जवळजवळ दुप्पट जड, म्हणून घनता ६.५ वरून १३.३. रासायनिक गुण इतके सारखे की हाफ्नियम झिर्कोनियमच्या खनिजात लपून राहिला आणि १९२३ पर्यंत सापडला नाही. कोपनहेगनला कॉस्टर आणि हेव्हेशी यांनी तो क्ष-किरण वर्णपटावरून ओळखला. अणुभट्टीच्या इंधननळ्यांसाठी मात्र दोघांना वेगळं करावंच लागतं, कारण हाफ्नियम न्यूट्रॉन खातो आणि झिर्कोनियम जवळपास खात नाही. हैदराबादच्या अणुइंधन संकुलात द्रावक निष्कर्षणाने हे काम चालतं.

याचं रोजच्या व्यवहारातलं रूप इतवारीच्या सराफ्यात दिसतं. चांदी १४४, सोनं १४४. दोघांचे स्फटिकही एकाच प्रकारचे, म्हणून ते कुठल्याही प्रमाणात एकमेकांत विरघळतात. सोनं आणखी एका कारणाने लहान राहतं: केंद्रकाजवळून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचा वेग इतका की सापेक्षतेचा परिणाम ६एस कक्षिका आत ओढतो. तांबं १२८, सोन्यापेक्षा सुमारे ११ टक्के लहान. धातुशास्त्रातला ढोबळ नियम असा की फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर मिश्रण चांगलं जमतं, त्यामुळे तांबं सोन्यात मिसळतं, पण त्याच्या अणूभोवती जाळी वेडीवाकडी होते. थर एकमेकांवरून सहज सरकत नाहीत. म्हणून २२ कॅरेटमध्ये उरलेल्या ८.४ टक्क्यांत तांब्याचा वाटा वाढवला की दागिना कडक होतो, चांदीचा वाढवला की तुलनेने मऊ राहतो.

आयनांवरच्या प्रश्नांत दोनच गोष्टी तपासा. इलेक्ट्रॉनांची संख्या सारखी असेल तर प्रोटॉन जास्त तो लहान: ऑक्साइड १४०, फ्लोराइड १३३, सोडियम १०२, मॅग्नेशियम ७२, ॲल्युमिनियम ५३.५, सगळ्यांत इलेक्ट्रॉन १०. मूलद्रव्य तेच असेल तर धनप्रभार जास्त तो लहान. हे आकडे शॅननच्या १९७६ च्या तक्त्यातले, सहा शेजाऱ्यांसाठी. आठ शेजारी असतील तर सोडियम आयन ११८ होतो, आणि पॉलिंगच्या जुन्या तक्त्यात तोच ९५. क्लोरिनचा अणू ९९ आणि क्लोराइड १८१ अशी जवळपास दुपटीची तुलना पुस्तकात असते. क्रम बरोबर आहे, पण अणूची न बांधलेली त्रिज्या १७५ आहे हे आठवलं तर फुगवटा किती किरकोळ आहे ते कळतं.

आकार आणि प्रभार दोन्ही जुळले की काय होतं ते विदर्भात दुर्दैवाने दिसतंच. फ्लोराइड १३३, हायड्रॉक्साइड १३७, दोघांवर एकच ऋणप्रभार. यवतमाळ, चंद्रपूरच्या ज्या गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे तिथे ते दात-हाडांमधल्या ॲपेटाइट या खनिजामध्ये हायड्रॉक्साइडची जागा घेतं. १८१ चा क्लोराइड तिथे इतक्या सहज बसत नाही. पाण्यात फ्लोराइडची मान्य मर्यादा १ मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा स्रोत नसेल तर १.५. तुरटी आणि चुना वापरून ते काढायचं नलगोंडा तंत्र नागपूरच्याच नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलं.

सरावाला एक प्रश्न, कारण प्रवेशपरीक्षांत त्याचं काही ना काही रूप येतं: सल्फाइड, क्लोराइड, आरगॉन, पोटॅशियम आयन, कॅल्शियम आयन यांना आकाराच्या उतरत्या क्रमाने लावा. सगळ्यांत इलेक्ट्रॉन १८, म्हणून अपेक्षित उत्तर प्रोटॉनांवरून: सल्फाइड, क्लोराइड, आरगॉन, पोटॅशियम, कॅल्शियम. आयनांचे आकडे १८४, १८१, १३८, १००, तेही जुळतात. पण आरगॉनचा १८८ तक्त्यातून उचलून लावला तर तो सल्फाइडच्याही पुढे जाऊन बसतो आणि पर्याय चुकतो. तशीच गत ‘सर्वांत मोठा अणू कोणता’ या प्रश्नाची. पर्यायांत फ्रान्सियम असेल तर परीक्षक तोच धरतो. पण त्याच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचं अर्धायुष्य २२ मिनिटं आहे, त्याचा त्रिज्या मोजण्याइतका तुकडा कुणाकडेच नाही, आणि सोन्यासारखाच सापेक्षतेचा परिणाम तिथे ७एस लाही आत ओढतो. मोजलेल्यांत मोठा विचारला असेल तर सीझियम लिहा.